पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळेतून प्राचार्यपदाकडे जाताना

पर्यावरणशास्त्र शिकवणारे तरुण सहकारी मला अधूनमधून विचारतात, "मॅडम, प्राचार्यपदासाठी अर्ज करू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर करा, पण तयारी आजच सुरू करा आणि प्रयोगशाळेतली एक सवय कुठल्याही परिस्थितीत सोडू नका: स्वतः जाऊन मोजायचं, तारीख टाकून लिहून ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. मी नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेवर पीएच.डी. केली, तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवलं आणि तिथेच प्राचार्य झाले. त्या खुर्चीत मला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती हीच सवय. बाकी जे लागतं ते शिकता येतं. कसं शिकायचं, कधी शिकायचं, ते इथे सांगते.

आधी नियमांचं गणित

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदाला पीएच.डी. लागते. तुम्ही प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असायला हवं. अध्यापन-संशोधनाचा एकूण किमान १५ वर्षांचा अनुभव, मान्य नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध आणि परिशिष्ट दोनमधल्या तक्ता क्रमांक २ प्रमाणे किमान ११० संशोधन गुण, एवढं सगळं जुळावं लागतं. नेमणूक ५ वर्षांची असते. विद्यापीठाने नेमलेल्या समितीने कामाचं मूल्यमापन केल्यावर आणखी एकदा ५ वर्षं मिळू शकतात. हे नियम बदलत असतात. नव्या विनियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही त्याच वर्षी बंद झाली. म्हणून जाहिरात निघेल त्या दिवशी काय लागू आहे ते विद्यापीठाच्या परिपत्रकावरूनच पाहा. स्टाफरूममध्ये कोणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

पीएच.डी. असलेल्या सहायक प्राध्यापकाला बढतीचे टप्पे वेळेवर मिळाले, तर ४, मग ५, मग ३ अशी १२ वर्षांत सहयोगी प्राध्यापकाची पायरी येते. घोडं पेंड खातं ते त्या "वेळेवर"पाशी. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे शिक्षकांचे प्रशिक्षणवर्ग देय तारखेच्या आधी पूर्ण करा. प्रमाणपत्राची एक प्रत कॅसच्या फाइलला, एक सेवापुस्तिकेत आणि एक घरी ठेवा. देय तारखेनंतर केलेल्या कोर्समुळे बढतीची तारीखच पुढे सरकते आणि तो फरक प्राचार्यपदाच्या अर्जापर्यंत तुमच्या मागे येतो.

११० गुणांचं गणित पर्यावरणवाल्यांनी जास्त काळजीपूर्वक करायला हवं. विज्ञान शाखेत एका निबंधाचे मूळ गुण ८ आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे त्यातले निबंध सरासरी किती उद्धृत होतात त्याप्रमाणे, वाढीव. लेखक दोन असले तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के. आपलं काम एकट्याने होतच नाही. नमुने एक जण गोळा करतो, जड धातू दुसऱ्या संस्थेच्या यंत्रावर तपासले जातात, नकाशे भूगोल विभाग करतो, आणि निबंधावर पाच-सहा नावं येतात. ती यायलाच हवीत, कारण काम त्यांचं आहे. पण निबंधांची संख्या भरपूर आणि गुण तुटपुंजे, अशी अवस्था होऊ नये यासाठी काही काम असं निवडा की ज्याचा आराखडा, विश्लेषण आणि लेखन तुमचं असेल. शिवाय गुण किमान तीन गटांतून यावे लागतात. पूर्ण झालेल्या प्रत्येक पीएच.डी. मार्गदर्शनाचे १०, १० लाखांपेक्षा मोठ्या पूर्ण प्रकल्पाचे १०, त्याहून लहान प्रकल्पाचे ५. राज्य शासनाला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजाचे ४ गुण आहेत आणि आपल्या विषयात अशी संधी बरीच मिळते. ओढ्यांचं, तळ्यांचं, कचऱ्याचं सर्वेक्षण तुम्ही करताच. ते नीट अहवालाच्या रूपात सादर करा आणि पोच घेऊन ठेवा.

आणखी एक अडचण फक्त आपल्याच विषयाची आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल आदेश दिला, २००३ मध्ये पुन्हा बजावलं, आणि मग यूजीसीचा पदवीच्या सर्व शाखांसाठीचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. पेपर आला, पण त्याबरोबर स्वतंत्र मंजूर पद बहुतेक महाविद्यालयांत आलं नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूगोलाच्या शिक्षकाने, नाहीतर तासिका तत्त्वावरच्या एखाद्या मुला-मुलीने तो पेपर ओढायचा, असं वर्षानुवर्षं चाललं आहे. नेट आणि सेट या अध्यापक पात्रता परीक्षा, त्या दोन्हींत पर्यावरणशास्त्र हा वेगळा विषय आहे, पण त्या विषयाच्या जागा कमी निघतात. तुम्ही एम.एस्सी.च्या उंबरठ्यावर असाल तर हे पाहूनच विषय निवडा. नोकरीत असाल तर विद्यापीठाच्या मान्यतेचं प्रत्येक पत्र जपा. सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा काळ १५ वर्षांत आपोआप धरला जाईल असं गृहीत धरू नका. त्याला अटी आहेत. तुमच्या बाबतीत त्या पूर्ण होतात का, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

पदाआधी कोणती कामं अंगावर घ्यावीत

एनएसएस आपल्याकडे चालत येतं. सात दिवसांचं निवासी शिबिर, वनराई बंधारा, विहिरींचं सर्वेक्षण, हे सगळं आपल्याला आवडतं आणि विद्यार्थ्यांची खरी ओळख तिथेच होते. जरूर करा. पण माझं ठाम मत आहे की पर्यावरणवाल्याने तिथेच थांबू नये. प्राचार्यांचा मोठा वेळ परीक्षा, खरेदी आणि आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, सेवा, पगार) यांत जातो, आणि या तिन्ही गोष्टी एनएसएसमध्ये शिकायला मिळत नाहीत.

म्हणून एखाद्या सत्राला परीक्षा अधिकारी व्हा. प्रश्नपत्रिका डाउनलोड होत नाहीत, वीज गेली आहे, एसटी उशिरा आल्यामुळे मुलं फाटकावर रडत उभी आहेत, अशा सकाळी निर्णय घ्यायला जो शिकला तो पुढे गडबडत नाही. खरेदी समितीत बसा. तुलनात्मक तक्ता कसा करतात, सर्वांत कमी दराची निविदा नाकारायची तर कारण कसं नोंदवतात, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद होण्याआधी बिल मंजूर का करू नये, हे तिथेच कळतं. आयक्यूएसीचं (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) समन्वयकपद मिळालं तर नाही म्हणू नका. महाविद्यालयाचा प्रत्येक आकडा त्या टेबलावरून जातो आणि आकडा खरा आहे की सजवलेला, हे ओळखायचं आपलं शिक्षणच झालेलं असतं. विनियमांत उपप्राचार्यपद २ वर्षांचं आहे. ते मिळालं तर हिशेबाचं आणि आस्थापनेचं काम मागून घ्या.

आणि भाऊसाहेबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. कार्यालयीन अधीक्षक, हेडक्लार्क, अकाउंटंट या माणसांकडे जे ज्ञान असतं ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. माझं शिक्षण असंच झालं. दुपारी प्रॅक्टिकल संपलं की मी कार्यालयात जायचे आणि भाऊसाहेब मला एकेक रजिस्टर उघडून दाखवायचे. कॅशबुक रोज बंद का करायचं, बँकेचा ताळमेळ महिन्याला का घालायचा, वेतनपथकाकडून (अनुदानित पगार देणाऱ्या शासकीय कार्यालयाकडून) पगाराचं बिल परत आलं तर आधी काय पाहायचं. बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदांची नोंदवही, समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. कोणतं पद कोणत्या बिंदूवर आहे, कोण निवृत्त झालं, रिकामी जागा कोणत्या प्रवर्गाची ठरते, आणि मागासवर्ग कक्षाकडून तपासणी झाल्याशिवाय जाहिरात का निघू शकत नाही. ही नोंदवही नीट वाचता आली नाही तर शिक्षक भरता येत नाहीत, आणि शिक्षकच नसतील तर तुमच्या हिरव्या परिसराचं करायचं काय?

मुलाखतीला काय घेऊन जावं

निवड समितीत संस्थेचे पदाधिकारी असतात, कुलगुरूंनी पाठवलेले तज्ज्ञ असतात, दुसऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्य असतात. मला एका सदस्यांनी स्पष्टच विचारलं, "तुम्ही झाडापाण्यातल्या. महाविद्यालय चालवणं वेगळं असतं, जमेल का?" मी सोबत नेलेला एक कागद पुढे केला. महाविद्यालयाच्या एक्यूएआरमधून (वार्षिक गुणवत्ता अहवालातून) काढलेली प्रवेशसंख्या, प्रथम वर्षाला किती आले, तृतीय वर्षाला किती उरले, मुलं आणि मुली वेगवेगळ्या. त्याच्या खाली प्रवेशअर्जांवरच्या पत्त्यांवरून केलेली गावनिहाय यादी. एका बाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली दुसऱ्या वर्षी दिसेनाशा होत होत्या. त्या बाजूची पहिली एसटी महाविद्यालयात पोचायची तेव्हा पहिला तास संपत आलेला असायचा आणि शेवटची गाडी प्रॅक्टिकल संपायच्या आधी निघायची. मी म्हटलं, वेळापत्रक बदलणं माझ्या हातात असेल आणि आगारप्रमुखांकडे गाडीची वेळ मागायला मी स्वतः जाईन. पुढची सगळी चर्चा त्याच कागदावर झाली.

तुमच्या महाविद्यालयाचा असा कागद तयार करा. वेबसाइटवरचे एक्यूएआर, नॅक या मूल्यांकन संस्थेचा अहवाल, निकाल आणि शिष्यवृत्तीच्या याद्या वाचल्या की प्रश्न आपोआप दिसतो. "पर्यावरणपूरक परिसर करू" हे वाक्य प्रत्येक उमेदवार म्हणतो. ते तुम्ही म्हणायची गरज नाही.

पहिल्या वर्षी पाणी

पदावर आल्यावर लोक तुमच्याकडून वृक्षारोपणाची अपेक्षा करतील. रोपं आणून ठेवतील, फोटोग्राफरही बोलावतील. पहिला पावसाळा ते टाळा. आधी पाणी पाहा, आणि तेही मुलींच्या स्वच्छतागृहापासून. सकाळच्या पहिल्या तासाच्या आधी एकदा आणि दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी एकदा, असं दोनदा नळ सोडून पाहा. पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, ती कोण रिकामी करतं आणि त्या बाईंना हातमोजे मिळतात का, हे विचारा.

मग टाकीतून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवर मीटर बसवून घ्या. संध्याकाळी सगळे नळ बंद झाल्यावर रीडिंग घ्यायचं आणि सकाळी कोणी यायच्या आधी पुन्हा. मीटरच्या तबकडीवर एक लहानसं दातेरी चक्र असतं. सगळं बंद असतानाही ते फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. आमच्याकडे ते फिरत होतं. आमच्या सेवकांना बरोबर घेतलं, टॉर्च घेतला आणि आम्ही एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलो. वसतिगृहाचा केला, चक्र चालूच. कँटीनचा केला, जिमखान्याचा केला, तरीही चालूच. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाहिनीचा व्हॉल्व्ह आवळला तेव्हा ते थबकलं. नव्या रॅम्पच्या काँक्रीटखालून जुना लोखंडी पाइप गेला होता आणि तो सडला होता. दुपारनंतर मुलींकडे पाणी येत नाही ही तक्रार जुनीच होती आणि तिच्यावरचा उपाय म्हणून नवं बोअर घ्यायचा प्रस्ताव तयार होता. पाइप बदलला, बोअरचा प्रस्ताव मागे घेतला.

पावसाच्या पाण्याचा हिशेब अगदी सोपा आहे आणि तो समितीसमोर फळ्यावर करून दाखवावा. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटर छत आणि वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६ लाख लिटर. उडणारं, सांडणारं आणि पहिल्या पावसात छत धुऊन जाणारं वजा करून ८० टक्के हाती लागलं, तरी ४ लाख ८० हजार लिटर. पन्हळी मेमध्ये साफ करून घ्या. गाळणखड्ड्यातली वाळू आणि खडी दर वर्षी उपसून धुवायची असते. ते काम कोणाचं, हे नावासकट ठरवा. न गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडलं तर बोअर गाळाने भरतं आणि मग लोक पुनर्भरणालाच दोष देतात.

पिण्याच्या पाण्याबद्दल एकच आग्रह आहे. आरओ यंत्राची मागणी आली की आधी पाणी तपासा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. नायट्रेट ४५, फ्लोराइड १, अगदी नाइलाज असेल तर १.५. क्षार मर्यादेत असतील आणि अडचण फक्त जिवाणूंची असेल, तर गाळणी आणि निर्जंतुकीकरण पुरतं. आरओ बसवलं की बरंच पाणी नाकारलं जाऊन मोरीत जातं. ही तपासणी तृतीय वर्षाच्या मुलांकडून करून घ्या आणि निकाल पाण्याच्या टाकीशेजारी तारखेसकट लावा.

आपल्याच प्रयोगशाळेचं सांडपाणी

याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पाण्याचं प्रदूषण मोजायला आपण सीओडीची (रासायनिक ऑक्सिजन मागणीची) चाचणी करतो. तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेट, संहत सल्फ्युरिक आम्ल, सिल्व्हर सल्फेट आणि मर्क्युरिक सल्फेट वापरतो. म्हणजे नदी किती घाण झाली हे शिकवता शिकवता क्रोमियम, चांदी आणि पारा आपण बेसिनमध्ये ओततो. प्राचार्य झाल्यावर मी रसायनशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या प्रयोगशाळांना सांगितलेली पहिली गोष्ट ही की हा कचरा बेसिनमध्ये जाणार नाही.

करायचं असं. चाचणी मोठ्या फ्लास्कऐवजी बंद नळीतल्या सूक्ष्म पद्धतीने करा, रसायनं कितीतरी कमी लागतात. उरलेला द्रव जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. कॅनवर त्यात काय आहे आणि कधीपासून आहे ते लिहा. नुसत्या क्रोमियमचा कचरा असेल तर आम्लयुक्त द्रावणात फेरस सल्फेट घालून षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करता येतं आणि मग चुन्याने साका खाली बसवता येतो. हे विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रॅक्टिकल आहे. पाऱ्याचा कचरा मात्र स्वतः हाताळायच्या भानगडीत पडू नका. तो घातक कचऱ्याच्या अधिकृत सामायिक केंद्राकडेच जायला हवा. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. एका महाविद्यालयाचा कचरा थोडा असतो, वाहतूक परवडत नाही. म्हणून शेजारच्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना फोन करा आणि मिळून पाठवा. फुटलेले थर्मामीटर, जुनी बॅरोमीटरं, मुदत संपलेल्या बाटल्या, सगळ्यांचीच कपाटं भरलेली असतात.

वीज त्या मानाने सोपी आहे. मागच्या १२ महिन्यांची बिलं एका तक्त्यात मांडा. मंजूर भार आणि प्रत्यक्ष मागणी यांत फरक किती, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) कमी म्हणून दंड बसतो का, आणि शिक्षणसंस्थेला लागू असलेला सार्वजनिक सेवांचा दर लागला आहे का, हे आधी पाहा. सौर पॅनल त्यानंतर. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. महाविद्यालयाला मे महिन्यात सुट्टी आणि ऊन तेव्हाच कडक, म्हणून नेट मीटरिंगशिवाय, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेतल्याशिवाय, व्यवहार जमत नाही. पॅनल चढवण्याआधी छताची गळती काढून घ्या, नंतर ती काढता येत नाही.

झाडं, समिती आणि पैसा

परिसरातल्या जुन्या चिंचा तोडून तिथे पार्किंग करावं असा आग्रह एका वजनदार स्थानिक गृहस्थांनी धरला होता. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. एप्रिलमध्ये दोन थर्मामीटर टांगले, एक चिंचेखाली आणि एक आधीच्या पत्र्याच्या शेडखाली. एनएसएसच्या मुलांनी ठरलेल्या वेळी नोंदी केल्या, प्रत्येक झाडाचा घेर मोजला, झाडावर कोणती घरटी आहेत ते लिहिलं. त्याबरोबर पार्किंगची खरी गरज मोजली: कोणत्या तासाला किती दुचाकी असतात. गर्दी फक्त सकाळी होती आणि जिमखान्यामागची जागा त्या वेळी रिकामी होती. हा सगळा कागद मी महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवला आणि चिंचा राहिल्या. नवीन लावायची असतील तर करंज, बहावा, ताम्हण, उंबर, कडुनिंब अशी इथलीच लावा, आणि जेवढ्यांना तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावा.

ही समिती नीट समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे ती असते. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती तिचे अध्यक्ष आणि प्राचार्य सदस्य-सचिव. निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर प्रतिनिधी, स्थानिक सदस्य, आयक्यूएसी समन्वयक, विद्यार्थी प्रतिनिधी असे सगळे त्यात असतात आणि वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. अंदाजपत्रक तिथेच तयार होतं आणि मंजुरीसाठी संस्थेकडे जातं. विषयपत्रिका तुम्ही लिहिता, इतिवृत्तही तुम्हीच लिहिता. तुमची मागणी अंदाजपत्रकाच्या बैठकीपूर्वी टिपणीच्या रूपात सदस्यांच्या हातात गेली पाहिजे: खर्च किती, बचत किती, नाही केलं तर काय होईल. बैठकीत तोंडी मांडलेला प्रस्ताव चहाबरोबर संपतो.

अमेरिकेत मेन राज्यातलं युनिटी कॉलेज हे उदाहरण मी यासाठी नेहमी देते. स्टीफन मल्की हे वनस्पती-परिसंस्थांचे अभ्यासक २०११ मध्ये तिथले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, कॉलेजच्या विश्वस्त मंडळाने आपल्या निधीतून कोळसा, तेल, वायू कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं कॉलेज मानलं जातं. मुद्दा असा की निर्णय मंडळाचा होता. अध्यक्ष शास्त्रज्ञ होते, पण निधी मंडळाच्या हातात होता आणि मंडळाला पटवून द्यावं लागलं. आपल्याकडे संस्था आणि प्राचार्य यांचं नातं वेगळं असलं तरी पटवून देण्याचं काम तेच आहे. जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर बसवलेली आणि १९८६ मध्ये काढून ठेवलेली सौर पॅनलं याच कॉलेजाने १९९१ मध्ये मागून आणली आणि आपल्या खानावळीचं पाणी तापवायला वापरली. सरकारी गोदामात पडलेली वस्तू मागून आणायचं कोणाला तरी सुचलं. आपल्या जिल्ह्यातही अशा वस्तू पडून असतात, पत्र लिहून मागा.

ग्रीन ऑडिटबद्दल माझं मत कडक आहे. नॅकच्या सातव्या निकषात हरित, ऊर्जा आणि पर्यावरण लेखापरीक्षण येतं, म्हणून एका दिवसात परिसर फिरून प्रमाणपत्र देणारे लोक बाजारात आहेत. त्यांना पैसे देऊ नका. वर सांगितलेल्या नोंदी तीन वर्षं ठेवल्या की ऑडिट तयारच असतं. बाहेरच्या तज्ज्ञाने ते फक्त तपासायचं. यूजीसीच्या त्या जुन्या सक्तीच्या अभ्यासक्रमातही ५ तासांचं क्षेत्रकार्य आणि त्याला २५ गुण होते. ते गुण मुलांनी फायलीत चित्रं चिकटवून मिळवण्याऐवजी पाण्याच्या मीटरपाशी उभं राहून मिळवले, तर पेपराचं सोनं होतं.

शिकवणं सोडू नका

आठवड्याला एक तास वेळापत्रकात ठेवा आणि तो घ्या. शक्यतो प्रथम वर्षाचा घ्या, कारण महाविद्यालयात काय बिघडलं आहे हे ती मुलं बिनधास्त सांगतात. पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी आणि नदीवरचं नमुने घेण्याचं एक तरी ठिकाण चालू ठेवा. कार्यकाळ संपल्यावर प्राचार्याने प्राध्यापक म्हणून मूळ संस्थेत परतायचं, असं विनियमांतच आहे. तेव्हा परत जायला प्रयोगशाळा जिवंत हवी. माझ्या नदीवरच्या नोंदींची मालिका खंडित झाली नाही, कारण महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी मी बाटल्या घेऊन जातच राहिले. बरोबर कधी विद्यार्थी असायचे, कधी आमचे सेवक.

चार्ज देताना कार्यालयाची यादी छापील असते: रोख शिल्लक, धनादेश पुस्तकं, शिक्के, चाव्या. तिला स्वतःची एक पुरवणी जोडा आणि नव्या प्राचार्यांची त्यावर सही घ्या. पाण्याच्या आणि विजेच्या रीडिंगच्या वह्या, छताचं क्षेत्रफळ आणि पन्हळींचा नकाशा, जमिनीखालच्या पाइपांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, झाडांची क्रमांकवार यादी, घातक कचऱ्याच्या कॅनची संख्या आणि तो शेवटचा कधी पाठवला ती तारीख, पॅनल धुण्याचं आणि गाळणखड्डा उपसण्याचं काम कोणाकडे आहे त्यांची नावं, आणि त्या कामांना पुढच्या मार्चच्या अंदाजपत्रकात किती रक्कम लागेल तो आकडा.